बर्लिनचा राजवाडा, खचलेला मनोरा आणि आंद्रेआस श्लूटर

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर २०२४ च्या सप्टेंबरात बर्लिनला गेले, तेव्हा त्यांनी सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाचा एक फोटो समाजमाध्यमांवर टाकला. ते तोरण म्हणजे मूळ तोरणाएवढीच दगडी प्रतिकृती, २०२२ मध्ये बर्लिनच्या मध्यभागी उभारलेली. तोरणाबद्दल आपल्याकडे बातम्या आल्या, लोकांनी अभिमानाने तो फोटो पुढे पाठवला. पण ज्या इमारतीसमोर ते उभे आहे, तिच्याबद्दल फारसे काही वाचायला मिळाले नाही. इमारत दिसते तीनशे वर्षांपूर्वीची: दगडी कमानी, भव्य स्तंभ, छताच्या कडेला ओळीने उभे पुतळे. प्रत्यक्षात ती लोकांसाठी उघडली २०२१ मध्ये. तिचे नाव हुम्बोल्ट फोरम. आत संग्रहालय आहे आणि बाहेरून ती बहुतेक बाजूंनी प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजांच्या राजवाड्याची नक्कल आहे.

त्या जुन्या राजवाड्याला हे रूप दिले आंद्रेआस श्लूटर या माणसाने. राजाने त्याला १७०६ मध्ये त्या कामावरून काढले, कारण तो बांधत असलेला एक मनोरा कलला आणि पाडावा लागला. नोकरी गेलेल्या या माणसाच्या भिंती पुन्हा उभारणाऱ्या प्रकल्पावर, त्याच्या मृत्यूनंतर तीन शतकांनी, सुमारे ६८ कोटी युरो खर्च झाले. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर त्या काळातला दरबारी स्थापत्यकार म्हणजे काय आणि बर्लिनची जमीन कशी आहे, या दोन गोष्टी आधी कळायला हव्यात.

दरबारी स्थापत्यकार नेमके काय करायचा?

आज आपण घर बांधायला आर्किटेक्ट गाठतो, त्याची फी देतो, काम संपले की संबंध संपतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात राजाच्या पदरी असलेला स्थापत्यकार पगारी नोकर असे. राजवाड्याचे आराखडे त्याचेच आणि दगड कुठून आणायचा, गवंडी किती लावायचे, खर्चाचा हिशोब कोणाला द्यायचा, हेही त्याच्याच गळ्यात. राजाच्या लग्नासाठी कमानी उभारायच्या, मिरवणुकीची सजावट करायची, राणी वारली की तिची शवपेटी घडवायची, ही सगळी कामे त्याच खात्यात येत. त्याच्या हाताखाली शेकडो कारागीर असत, पण स्वतःच्या कामावर त्याची मालकी नसे. राजाची मर्जी बदलली की नोकरी गेली. राजा वारला तर बहुधा गेलीच.

या काळातल्या कलेला बरोक म्हणतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये तिने जोर धरला. इमारतीने पाहणाऱ्याला स्वस्थ बसू देऊ नये, त्याला ओढून घ्यावे, चकित करावे, हा तिचा स्वभाव. भिंत सपाट न ठेवता पुढे-मागे हलवायची, प्रकाश-सावलीचा खेळ करायचा, पुतळे असे घडवायचे की ते आत्ता पाऊल उचलतील असे वाटावे. राजांना ही शैली मानवली याचे कारण उघड आहे. ज्या काळात छायाचित्र नव्हते, वर्तमानपत्रे मोजकी होती, त्या काळात राजाची सत्ता लोकांच्या आणि परदेशी वकिलांच्या डोळ्यांत भरवण्याचे सर्वांत मोठे साधन इमारत हेच होते.

राजा व्हायचे तर राजवाडा हवा

श्लूटरचा मालक होता फ्रीडरिश. १६८८ मध्ये तो बर्लिनभोवतालच्या ब्रांडनबुर्ग संस्थानाचा शासक झाला, पण त्याचे पद राजाचे नव्हते. जर्मन प्रदेश तेव्हा अनेक संस्थानांत वाटलेला होता आणि पवित्र रोमन सम्राटाची निवड करण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या शासकांना इलेक्टर म्हणत. फ्रीडरिश असाच एक इलेक्टर. आजूबाजूचे इलेक्टर मात्र वर चढत होते: सॅक्सनीचा शासक १६९७ मध्ये पोलंडचा राजा झाला, हॅनोवरच्या घराण्याला इंग्लंडचे सिंहासन दिसू लागले होते. फ्रीडरिशलाही मुकुट हवा होता. सम्राटाशी वाटाघाटी करून त्याने आपल्याच ताब्यातल्या प्रशिया प्रदेशाचा मुकुट मिळवला आणि १८ जानेवारी १७०१ रोजी तिथल्या क्योनिग्सबेर्ग शहरात स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला.

अडचण राहिली ती घराची. बर्लिनमधला त्याचा वाडा १४४३ मध्ये सुरू झालेला, नंतर वेगवेगळ्या पिढ्यांनी आपापल्या सोयीने वाढवलेला, ओबडधोबड. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय राजवाड्याचा थाट साऱ्या युरोपाने ऐकलेला असताना नव्या राजाने परदेशी वकिलांना अशा घरात भेटणे शोभणारे नव्हते. म्हणून राज्याभिषेकाच्या आधीच, १६९८-९९ च्या सुमारास, त्याने वाड्याचे रूप पालटायला घेतले. त्यासाठी त्याने निवडलेला माणूस शिक्षणाने स्थापत्यकार नव्हताच. तो शिल्पकार होता.

शिल्पकाराच्या हाती इमारत

श्लूटरचा जन्म १६६० च्या आसपासचा. त्याची पहिली मोठी कामे पोलंडमधली. वॉर्सामध्ये राजा यान सोबिएस्कीच्या आणि तिथल्या सरदारांच्या वाड्यांसाठी तो दगडात कोरीवकाम करी. १६९४ मध्ये फ्रीडरिशने त्याला बर्लिनला दरबारी शिल्पकार म्हणून बोलावले.

बर्लिनमध्ये तेव्हा शस्त्रागाराची मोठी इमारत उठत होती. तिच्या चौकातल्या खिडक्यांच्या कमानींवर श्लूटरने मरणाऱ्या योद्ध्यांचे २२ चेहरे कोरले. शस्त्रागार म्हटले की विजयाचा जल्लोष अपेक्षित असतो, आणि इमारतीच्या बाहेरच्या बाजूला तो आहेही. आत चौकात आलो की मात्र ही तोंडे दिसतात: कोणाचे डोळे मिटत आलेले, कोणाचा जबडा वेदनेने वासलेला, कोणी अजून मरण नाकारणारा. राजाच्या पैशाने, राजाच्या शस्त्रागारात, युद्धाची किंमत इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा दरबारी कलावंत त्या काळात शोधून सापडणे कठीण. श्लूटरच्या साऱ्या कामांत मला हे सर्वांत मोठे वाटते.

मग आला फ्रीडरिशच्या वडिलांचा, म्हणजे इतिहासात थोर इलेक्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मचा, अश्वारूढ पुतळा. १७०० मध्ये योहान याकोबी या ओतकाम करणाऱ्या कारागिराने तो ब्रॉंझमध्ये एकाच ओतात काढला. एवढा मोठा पुतळा एका ओतात काढणे म्हणजे धातू थंड होण्याआधी साच्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचला पाहिजे, एकही हवेचा बुडबुडा राहता कामा नये. १७०३ मध्ये तो राजवाड्याजवळच्या पुलावर बसवला गेला.

अशा माणसावर राजाने वाडा सोपवला. १६९९ मध्ये तो राजवाड्याच्या बांधकामाचा संचालक झाला. जुन्या, वाकड्यातिकड्या भिंती त्याने पाडल्या नाहीत. त्यांच्यावरच नवा, शिस्तबद्ध, रोममधल्या प्रासादांची आठवण देणारा दर्शनी भाग चढवला. त्याची युक्ती अशी: बहुतांश भिंत शांत ठेवायची, खिडक्यांच्या सरळ ओळी, आणि प्रवेशद्वारापाशी मात्र सगळा जोर काढायचा. तिथे दोन-दोन मजले उंच स्तंभ, त्यांवर पुतळे, खोल सावल्या. डोळा आपोआप दाराकडे जातो. आतला चौक तर आजही त्याच्याच नावाने, श्लूटरचा चौक म्हणून ओळखला जातो.

जगप्रसिद्ध अंबर कक्षाशीही त्याचे नाव जोडले जाते. अंबर म्हणजे झाडाचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा गोठलेला डिंक. त्याच्या तुकड्यांनी अख्ख्या खोलीच्या भिंती मढवायचे काम १७०१ मध्ये याच दरबारात सुरू झाले आणि त्याची मूळ कल्पना सहसा श्लूटरची मानली जाते. १७१६ मध्ये ते अंबर रशियाचा सम्राट पीटर याला भेट गेले, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने ते लुटून नेले आणि १९४५ नंतर मूळ अंबराचा पत्ता लागला नाही.

मनोरा: हवा कशाला होता?

राजवाड्याच्या वायव्य कोपऱ्याजवळ जुना पाण्याचा मनोरा होता. जवळच टांकसाळ असल्यामुळे त्याला टांकसाळीचा मनोरा म्हणत. राजाला बागेत कारंजी हवी होती. कारंजे उंच उडायचे तर पाण्याला दाब हवा, आणि पंप फारसे जोरकस नसलेल्या काळात दाब मिळवायचा साधा मार्ग म्हणजे पाणी आधी उंचावर चढवून टाकीत साठवणे. टाकी जितकी उंच तितके कारंजे उंच. शिवाय राजाला त्या मनोऱ्यात तासातासाला वाजणारा घंटांचा संचही हवा होता. आणि तिसरे, न बोललेले कारण: दूरवरून बर्लिन दिसू लागले की आधी राजाचा मनोरा दिसावा.

१७०२ मध्ये काम सुरू झाले. उंची ठरली सुमारे ३०० फूट, म्हणजे ९० मीटरहून थोडी जास्त. आजच्या हिशोबाने तीसेक मजल्यांची इमारत. सळई नाही, काँक्रीट नाही, फक्त वीट, दगड आणि चुना.

जमिनीने काय केले?

बर्लिन वसले आहे हिमयुगात वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कोरलेल्या एका रुंद दरीत. खाली वाळू, मध्ये मध्ये दलदलीचे मऊ थर, आणि पाणी तर थोडे खणले की लागते. राजवाडा श्प्रे नदीच्या बेटावर, म्हणजे या सगळ्याच्या ऐन मध्यावर. तिथले जुने गवंडी हे जाणून होते. जड बांधकामाच्या खाली ते लाकडाचे ओंडके जमिनीत ठोकत. पाण्याखाली हवा नसल्याने असे लाकूड शतकानुशतके कुजत नाही. पण पाण्याची पातळी उतरून ते उघडे पडले की कुजायला लागते.

आपल्याकडे पावसाळ्यात मांडव घालताना बांबूखाली फरशीचा तुकडा किंवा फळी ठेवतात. बांबूचे वजन तेवढेच राहते, पण ते मोठ्या जागेवर पसरते आणि बांबू चिखलात रुतत नाही. पायाचे काम एवढेच आहे: वजन पसरवणे. आणि मनोऱ्याची अडचणही एवढीच आहे: वजन प्रचंड, जागा थोडी.

ढोबळ हिशोब करून पाहू. विटांच्या एक घनमीटर बांधकामाचे वजन साधारण १.८ टन. वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची ९० मीटर उंच भिंत घेतली तर तिच्या तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे १६० टन भार येतो. भिंत जाड केली तरी हा आकडा बदलत नाही, कारण जागा वाढते तसे वजनही वाढते. बरी, घट्ट वाळू चौरस मीटरला वीस-पंचवीस टन सोसते, सैल आणि ओली त्याहून पुष्कळ कमी. वर निमुळता होत जाणाऱ्या मनोऱ्याचा भार या हिशोबापेक्षा कमी भरेल हे खरे, तरीही पाया भिंतीच्या कितीतरी पट रुंद हवा किंवा ओंडके खोल, घट्ट थरापर्यंत पोचलेले हवेत. श्लूटर मात्र जुन्या, बुटक्या मनोऱ्यासाठी घातलेल्या पायावर चढत होता.

इमारत थोडी खचणे यात भिण्यासारखे काही नसते. जवळपास प्रत्येक इमारत खचते. ती सगळीकडून सारखी खचली तर कोणाला कळतही नाही. घात होतो तो एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खचल्यावर. मनोरा कलतो, कलल्यामुळे त्याचे वजन त्याच बाजूला आणखी सरकते, ती बाजू आणखी खचते.

मनोऱ्याला तडे दिसू लागले. श्लूटरने जे केले ते समजण्यासारखे आहे, आणि नेमके तेच घातक ठरले. त्याने जुन्या बांधकामाभोवती नव्या दगड-विटांचे जाड वेष्टन चढवले, आधारासाठी बाजूला भक्कम भिंती बांधल्या, लोखंडी पट्ट्यांनी सगळे आवळले. दुबळे दिसते ते जाड करावे, हा गवंड्याचा सहज विचार. पण रोग भिंतीत नव्हता, भिंतीखाली होता. वेष्टनाने वजन वाढवले. शिवाय जुन्या पायाखालची माती अनेक वर्षांच्या भाराने दबून बसलेली, तर नव्या भिंतींखालची माती आत्ता दबायला लागलेली. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने खचल्या आणि एकमेकांना फाडू लागल्या.

१७०६ च्या उन्हाळ्यात मनोरा इतका कलला की तो आपण होऊन कोसळण्याआधी उतरवून घ्यावा लागला.

म्हणजे श्लूटरला बांधकाम कळत नव्हते?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. शिल्पकाराला इमारत दिली तर असेच होणार, असे त्याचे विरोधक म्हणत. त्याला उत्तर बर्लिनच्या मारियन चर्चमध्ये आहे. १७०३ मध्ये श्लूटरने तिथे संगमरवरी व्यासपीठ बसवले, ते चर्चच्या एका जुन्या जाडजूड खांबाच्या जागी. वरच्या छताचा भार तात्पुरता टेकूंवर तोलून धरला, खांबाचा खालचा भाग काढून टाकला आणि त्या जागी चार सडपातळ दगडी स्तंभ घातले. त्या चौघांच्या मधोमध व्यासपीठ. वर शेकडो वर्षांचे छत, आणि खालून खांब काढायचा! भार कुठून कुठे जातो हे ज्याला कळत नाही तो असे धाडस करणार नाही, केले तर यशस्वी होणार नाही.

तेव्हा जमिनीच्या वर श्लूटर पक्का होता. जमिनीच्या खालचे मात्र त्या काळी कोणालाच मोजता येत नव्हते. मातीवर भार टाकला तर ती किती आणि किती वेळात दबेल याचे शास्त्र उभे राहिले ते कार्ल टेर्झागी या अभियंत्याच्या १९२५ च्या ग्रंथाने, मनोरा पडल्यावर २१९ वर्षांनी. तोवर पाया हा अनुभवाचा, शेजारच्या इमारतीकडे बघून अंदाज करण्याचा प्रकार होता. आणि बर्लिनमध्ये त्या उंचीचे अंदाज करायला शेजारी काही नव्हते.

मग दोष कोणाचा?

राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात तीन नावे: मार्टिन ग्र्युनबेर्ग हा स्थापत्यकार, लिओनहार्ड क्रिस्टोफ श्टुर्म हा गणिताचा प्राध्यापक, आणि योहान फ्रीडरिश एओसांडर. एओसांडर हा दरबारातला दुसरा स्थापत्यकार, श्लूटरचा उघड प्रतिस्पर्धी. निकाल श्लूटरच्या विरोधात गेला, आणि १७०७ मध्ये राजवाड्याचे काम एओसांडरकडेच आले. प्रतिस्पर्ध्याला न्यायाधीश करणे आणि मग त्यालाच जागा देणे, याला चौकशी म्हणणे मला जड जाते. समितीने काढलेल्या तांत्रिक चुका खऱ्या असतीलही, पण कारंज्याच्या आणि घंटांच्या हट्टापायी दलदलीवर ३०० फूट चढायला सांगणाऱ्या राजाबद्दल ती काही म्हणेल, अशी अपेक्षाच करता येत नव्हती.

श्लूटरच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. तडे दिसल्यावर थांबायची संधी त्याला होती. त्याने थांबायच्या ऐवजी बांधकाम वाढवले. दरबारी नोकराला राजासमोर जाऊन ‘हे होणार नाही’ म्हणणे किती कठीण होते, हे ध्यानात घेतले तरी त्या चार वर्षांची जबाबदारी त्याच्यावरही येतेच.

असाच प्रसंग त्याच्या आधी एका फार मोठ्या माणसावर आला होता. रोममध्ये जान लोरेंझो बर्निनी, तोही मुळात शिल्पकार, सेंट पीटर्स चर्चच्या दर्शनी भागावर घंटांचे मनोरे चढवत होता. पाया आधीच्या स्थापत्यकाराने घातलेला, खालची जमीन पाण्याने मऊ. भिंतींना तडे गेले. ज्या पोपने काम दिले होते तो १६४४ मध्ये वारला आणि पुढच्या पोपने १६४६ मध्ये उभा राहिलेला मनोरा पाडायला लावला. बर्निनीची नाचक्की झाली. पण रोममध्ये पोपखेरीजही काम देणारे पुष्कळ होते, श्रीमंत घराणी होती, धर्मसंघ होते. तो सावरला आणि दशकभराने त्याच सेंट पीटर्ससमोरच्या विशाल चौकाचे कामही त्याच्याकडे आले. बर्लिनमध्ये काम देणारा एकच होता.

नोकरी गेल्यावर

श्लूटरला हाकलून दिले नाही, हेही तितकेच खरे. शिल्पकार म्हणून त्याला ठेवले. १७०७ मध्ये फ्रायनवाल्डे इथे त्याने राजासाठी बांधलेल्या छोट्या विश्रामगृहाखालची टेकडी पावसाने सरकली आणि त्याच्या नावावर दुसरा ठपका बसला. १७११-१२ मध्ये त्याने कामेके नावाच्या मंत्र्यासाठी बर्लिनमध्ये एक नाजूक, देखणे घर बांधले. राजवाड्यातला दरारा त्यात नाही, लाटेसारखी वळणारी भिंत आहे. दुसऱ्या महायुद्धात ते नष्ट झाले. १७१३ मध्ये राजा वारला, त्याची सोनेरी मुलाम्याची शवपेटी श्लूटरनेच घडवली. राणी सोफी शार्लोटची आठ वर्षांपूर्वीची पेटीही त्याचीच.

नव्या राजाला सैन्याचे वेड होते आणि थाटामाटाचा तिटकारा. गादीवर येताच त्याने दरबाराचा खर्च छाटला. कलावंत पांगले. एओसांडर स्वीडनच्या चाकरीत गेला. श्लूटर रशियाला गेला, जिथे पीटर दलदलीवर अख्खे शहर उठवत होता. सेंट पीटर्सबुर्गमध्ये वर्षभराच्या आत, १७१४ मध्ये, तो वारला. बर्लिनचा राजवाडा पुरा केला त्याच्याच एका शिष्याने, १७१६ मध्ये.

आजचा राजवाडा खरा की खोटा?

३ फेब्रुवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात राजवाडा जळाला, पण भिंती बऱ्याच उभ्या होत्या. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारने १९५० मध्ये त्या सुरुंग लावून पाडल्या. राजेशाहीची खूण नको हे कारण. एक दर्शनी दार मात्र राखले, कारण त्याच्या सज्जातून कार्ल लीबक्नेख्ट या समाजवादी नेत्याने ९ नोव्हेंबर १९१८ रोजी समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली होती. ते दार १९६४ मध्ये शेजारच्या सरकारी इमारतीत बसवले गेले. गंमत अशी की ते दार एओसांडरच्या काळातले आणि श्लूटरच्या दाराची नक्कल आहे. राजवाडा दुप्पट करताना एओसांडरने श्लूटरचीच रचना पुढे चालवली होती. ज्याची जागा घेतली त्याचेच काम त्याला गिरवावे लागले.

राजवाड्याच्या जागेवर १९७६ मध्ये पूर्व जर्मनीने संसद आणि करमणुकीची सभागृहे असलेला प्रजासत्ताक महाल उघडला. त्यात अॅस्बेस्टॉस हा आरोग्याला घातक पदार्थ सापडल्याने १९९० मध्ये तो बंद झाला, २००६ ते २००८ मध्ये पाडला गेला. दरम्यान १९९३-९४ मध्ये राजवाड्याचे समर्थक रंगवलेले प्रचंड कापड त्याच जागी मचाणावर टांगून मोकळे झाले होते, जुना राजवाडा त्या जागी कसा दिसेल हे लोकांना दाखवायला. २००२ मध्ये जर्मन संसदेने पुनर्बांधणीच्या बाजूने कौल दिला. २००८ मध्ये इटालियन स्थापत्यकार फ्रांको स्टेल्लाने स्पर्धा जिंकली.

आता मुख्य प्रश्न: श्लूटरच्या हाताचे आराखडे फारसे उरलेले नसताना त्याची भिंत पुन्हा कशी काढली? उत्तर एका जुन्या तंत्रात आहे. १८८५ मध्ये प्रशियाने इमारती छायाचित्रांवरून मोजणारी संस्था काढली होती. ठरलेल्या ठिकाणांवरून, भिंगाचे गणित माहीत असलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले की त्यांवरून खिडकीची रुंदी, कंगोऱ्याची खोली यांची मापे काढता येतात. राजवाड्याचे असे फोटो होते. १९५० मध्ये पाडण्याआधी काढलेली छायाचित्रे, मापे आणि वाचवलेले शिल्पांचे तुकडे होते. या सगळ्यांवरून शिल्पकारांनी आधी मातीत, मग प्लास्टरमध्ये नमुने केले आणि नंतर दगडात कोरले. काँक्रीटच्या नव्या इमारतीपुढे वीट आणि वालुकाश्माची ही भिंत उभी आहे.

याला नकली म्हणायचे का? माझे मत असे: दगड नवा आहे, कोरणारे हात नवे आहेत, पण प्रमाण आणि रचना श्लूटरची आहे. संगीतकार गेल्यावर त्याची चीज दुसऱ्याने गायली तर तिला खोटी म्हणत नाही. शिल्पाची गोष्ट मात्र निराळी, कारण तिथे छिन्नीचा प्रत्येक घाव मूळ असतो. म्हणून भिंतीची रचना म्हणून आजचा राजवाडा मला पटतो, श्लूटरचे शिल्प म्हणून नाही. आणि सगळा राजवाडा परत आलेलाही नाही. बाहेरच्या तीन बाजू आणि श्लूटरचा चौक जुन्यासारखे, नदीकडची पूर्व बाजू मात्र साधी, आजच्या काळाची. आतले भव्य जिने आणि दालने बांधली गेलीच नाहीत. घुमट तर एकोणिसाव्या शतकातला, श्लूटरचा त्याच्याशी संबंधच नाही. त्या घुमटावर २०२० मध्ये क्रॉस चढवला त्यावरून वाद झाला, तो राजवाड्याच्या नावाने होतो म्हणून श्लूटरच्या खात्यात पडतो.

राजाचे घर, आत जगभरच्या वस्तू

सर्वांत गंभीर आक्षेप इमारतीच्या रूपाबद्दल नाही, तर तिच्या वापराबद्दल आहे. आत आशिया-आफ्रिकेच्या वस्तू आहेत, त्यांतल्या कित्येक वसाहतींच्या काळात जर्मनीत आलेल्या. प्रशियाच्या राजाच्या घरात त्या मांडायच्या हे अनेकांना खटकते आणि ते खटकणे रास्त आहे. आजच्या नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्यातून लुटलेल्या ब्रॉंझ शिल्पांबाबत जर्मनीने पाऊल उचलले: २०२२ मध्ये बर्लिनच्या संग्रहातल्या ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, काही वस्तू उसन्या म्हणून बर्लिनमध्ये राहिल्या. बाकीच्या पुष्कळ वस्तूंचा प्रश्न तसाच आहे. दर्शनी भिंतीसाठी लोकांकडून दहा कोटी युरोंहून अधिक देणग्या जमल्या, त्यांतल्या काही देणगीदारांच्या उजव्या राजकारणावरूनही टीका झाली.

श्लूटरचे मूळ काम कुठे पाहावे?

बर्लिनला जाणाऱ्याने फोरमसमोर फोटो काढून परतू नये. थोर इलेक्टरचा पुतळा युद्धामुळे हलवावा लागला होता आणि त्या वाहतुकीत तो पाण्यात बुडाला. नंतर तो वर काढला आणि १९५२ पासून शार्लोटनबुर्ग राजवाड्याच्या आवारात उभा आहे. तिथे तिकीट लागत नाही. व्यासपीठ मारियन चर्चमध्ये आहे, फक्त विसाव्या शतकाच्या मध्यात ते दुसऱ्या खांबापाशी हलवले गेले. राजा-राणीच्या शवपेट्या बर्लिन कॅथेड्रलमध्ये. श्लूटरच्या चौकातली जी मूळ शिल्पे १९५० मध्ये वाचवली गेली, ती फोरमच्याच तळमजल्यावर एका दालनात आहेत. आधी ती पाहून मग चौकातल्या नव्या प्रती पाहिल्या, तर जुन्या आणि नव्या छिन्नीतला फरक कोणी न सांगता कळतो. योद्ध्यांचे २२ चेहरे मात्र जुन्या शस्त्रागारात आहेत. ते आता जर्मन इतिहास संग्रहालय आहे आणि दुरुस्तीसाठी २०२१ पासून बंद आहे, म्हणून प्रवास ठरवण्याआधी ते उघडले का, हे तपासून घ्यावे.